थोडा गंज राहू द्या

आमच्या भोसरीच्या शेडमध्ये गंजाचा ठिपका दिसला की जॉब रिजेक्ट. हीट ट्रीटमेंटमध्ये आयुष्य गेलेला मी घरी मात्र जुन्या पात्यांवरचा गंज सांभाळत बसतो.

मला ओढ आखूड तलवारींची. लांब, सरळ धोपेला गिऱ्हाईक पुष्कळ. ब्रिटिश नौदलाची कटलस कोण विचारतो? १८०४ च्या नमुन्याचे पाते सुमारे २९ इंच, मूठ बिडाची, आडव्या वळ्यांची, बोटांपुढे पत्र्याच्या दोन गोल तबकड्या. खाऱ्या हवेसाठी मूठ काळी रंगवलेली. नक्षीचे नाव नाही. दोरखंडांच्या गर्दीत, डेकवरच्या झटापटीत लांब पाते फिरवणार कुठे? १९३६ पर्यंत ब्रिटिश नौदलाने कटलस सोडली नव्हती.

विलायती पोलिसांची आखूड तलवार म्हणजे पितळी मूठ, किंचित बाकदार पाते. काहींना स्प्रिंगचा खटका असतो, गर्दीत कुणी म्यानातून हिसकावू नये म्हणून. चाकणला गाड्यांच्या लाइनवर असलेल्या मित्राला तो दाखवला, तर म्हणाला, "अरे, हे तर पोका-योके, चूक घडूच न देणारी रचना!"

मी आधी सांधा बघतो. कटलसमध्ये पात्याची शेपटी मुठीतून आरपार जाऊन टोकाला ठोकलेली असते. तिथे ताजी चमक दिसली की मूठ कुणीतरी उघडलीय. आपल्याकडे मुठीत लाख भरत. मूठ शेकली की पाते सुटते. म्हणून तर युरोपातून आलेल्या पात्यांवर देशी मुठी चढल्या आणि फिरंग तयार झाली.

मग गंज. लाल, भुरभुरणारा तेल लावून हलक्या हाताने काढायचा. काळा, घट्ट थर राहू द्यायचा. बफिंगने सरकारी बाणाचा शिक्का जातोच, वर पातळ धार निळी पडते. निळी म्हणजे तापमान ३०० अंशांच्या आसपास गेले. पाणी उतरले! जुन्या बाजारात लखलखीत पाते दिसले की मी पुढे सरकतो.

१९५९ चा शस्त्र कायदा आणि १९७२ चा पुरावशेष कायदा या छंदाच्या मानेवर कायम बसलेले. पोलिसांच्या तलवारीसाठीही चौकशीला पोलिसांकडेच जायचे, हा विनोद ठाण्यात करू नये.

खंडेनवमीला शेडमधल्या मशिनींना हळदकुंकू लागते. माझ्या पात्यांना मी ओली बोटे लावू देत नाही, फुले समोर ठेवा म्हणतो. आईला हे अजून पटलेले नाही.