चाळीस क्लिक

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. ऑफिस, गळकं छप्पर, चिरंजीवांची शाळा... कारणं नेहमीचीच. पण परवा आईने फोनवर विचारलं, "तो बंदूक चालवतो म्हणे?" आणि मी विषय बदलला. तेव्हा आई, आजचं हे तुझ्यासाठी. (बाबांना सगळं माहीत आहे. ते कसं, ते पुढे येईलच.)

आम्ही पेनसिल्व्हेनियात ज्या भागात राहतो तिथे हरणाची शिकार हा जवळजवळ सणच. रायफलचा हंगाम पूर्वी थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी सुरू व्हायचा आणि त्या दिवशी इथल्या शाळांना चक्क सुट्टी असायची! २०१९ साली तो शनिवारवर आणला. चिरंजीव पंधरा वर्षांचे. शेजारच्या आजोबांनी त्याला रेंजवर नेलं, सरकारी सुरक्षा शिक्षणाचा कोर्स करायला लावला आणि आपली जुनी .३०८ रायफल त्यांच्या देखरेखीखाली वापरायला दिली. फक्त तिच्यावर दुर्बीण नव्हती. "ती तुझी तू घे," म्हणाले.

गवत कापून साठवलेले पैसे होतेच. दोन संध्याकाळी आम्ही बापलेक कॉम्प्युटरसमोर बसलो आणि पंचावन्न डॉलरचा स्कोप मागवला. सहा ते चोवीस पट मोठं दाखवणारा, पुढची काच पन्नास मिलिमीटरची, आतली फुली लाल किंवा हिरवी उजळणारी! खोक्यातून काढल्यावर मी त्याचा नॉब फिरवून पाहिला. टक, टक, टक. इतका खणखणीत आवाज की मीच म्हणालो, "माल चांगला आहे." स्वस्त आणि मस्त शोधून काढण्यात आपण वाकबगार, हा माझा जुना समज आहे.

आजोबांनी दिवसाउजेडी त्यातून पाहिलंच नाही. म्हणाले, दुकानाच्या दिव्याखाली सगळ्याच काचा चांगल्या. इथे सूर्योदयाआधी अर्ध्या तासापासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत शिकार करता येते, आणि हरीण बाहेर पडतं ते नेमकं त्या कडेच्या वेळांना. म्हणून सूर्य मावळल्यावर आम्ही तिघं अंगणात उभे राहून समोरच्या मेपलच्या फांद्या बघत बसलो. चोवीस पटीवर सगळा चिखल. गणित सोपं आहे. पुढच्या काचेचा व्यास भागिले पट, म्हणजे डोळ्यापाशी पोचणाऱ्या उजेडाच्या झोताची रुंदी. पन्नास भागिले चोवीस, जेमतेम दोन मिलिमीटर. अंधारात पोराच्या डोळ्याची बाहुली त्याच्या तिप्पट उघडते, पण तिच्यात भरायला उजेडच नाही. सहा पटीवर आणलं तर झोत आठ मिलिमीटरचा, चित्र उजळलं, पण कडा दुधाळच राहिल्या. काच सुमार होती. तरी आजोबा म्हणाले, काचेचं चालवून घेता येईल. खरी परीक्षा शनिवारी.

ती परीक्षा अशी. शंभर यार्डांवर कागद लावायचा. रायफल वाळूच्या पिशव्यांवर. दोन गोळ्या झाडायच्या. मग नॉब चाळीस क्लिक वर, दोन गोळ्या. चाळीस उजवीकडे, दोन. चाळीस खाली, दोन. चाळीस डावीकडे, शेवटच्या दोन. नेम मात्र प्रत्येक वेळी त्याच ठिपक्यावर. त्या अंतरावर एक क्लिक म्हणजे साधारण पाव इंच, म्हणजे कागदावर दहा इंचांचा चौकोन उमटायला हवा आणि शेवटच्या गोळ्या पहिल्यांच्या भोकांपाशी परत यायला हव्यात.

चौकोन उमटला खरा, पण नऊ इंचांचा. आजोबांनी खांदे उडवले. क्लिक थोडे छोटे असतील, लक्षात ठेवलं की झालं. पण शेवटी परत येताना नववी गोळी पहिल्या भोकांपासून साडेतीन इंच लांब लागली. आणि दहावी? बरोब्बर जागेवर! चिरंजीव खूश. "शेवटी आलाच ना परत!"

आजोबा काहीच बोलले नाहीत.

त्या रात्री बाबांना फोन केला. बाबांनी पस्तीस वर्षं पिंपरीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये काढली. मी सगळं सांगायच्या आतच म्हणाले, "अरे, हा बॅकलॅश! आत नळी असणार. एकीकडून स्क्रू ढकलतो, उलट जाताना स्प्रिंग. स्प्रिंग मरतुकडी आहे. तू नॉब फिरवलास, नळी तिथेच. गोळीचा धक्का बसला, मग सरकली." मग डायल गेजची गोष्ट सुरू झाली. दांडी दाबून सोडायची, काटा शून्यावर आला पाहिजे. रोज दोन घरं जास्त दाखवणारा गेज ते ठेवून घेत, तेवढं वजा करून काम चाले. कधी शून्यावर येणारा आणि कधी न येणारा मात्र त्याच दिवशी बाद. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी इतके उत्साहात मी त्यांना बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं. स्पीकरवर नातू ऐकत होता.

पण त्याचं मन वळलं ते आजोबांमुळे. दुसऱ्या दिवशी ते पायरीवर बसून सांगत होते. तरुणपणी एका हंगामात त्यांची गोळी अशीच थोडी बाजूला गेली. हरीण पडलं नाही, पळालं. रक्ताच्या थेंबांमागे अंधार पडेपर्यंत चालले, सापडलं नाही. सकाळी पुन्हा गेले, तेव्हा रात्रीच्या पावसाने सगळं धुऊन नेलं होतं. कुठला हंगाम, कुठला ओढा, सगळं त्यांना अजून आठवत होतं. चिरंजीवांनी त्याच संध्याकाळी स्कोप खोक्यात भरला.

दुसरा आणला तो दीडशे डॉलरचा. तीन ते नऊ पट, चाळीस मिलिमीटर, दिवे नाहीत, काही नाही. वरचे पैसे मी घातले. (गोळ्यांचेही. त्या हिशेबाबद्दल वेगळी पोस्ट होईल!) गेल्या शनिवारी पुन्हा चाळीस क्लिक. चौकोन साडेनऊ इंचांचा, पण नववी आणि दहावी गोळी पहिल्या दोघींना चिकटून. तो कागद आता फ्रिजवर लावलाय आणि त्याचा फोटो बाबांना गेलाय.

रात्री जेवताना बायकोने विचारलं, "म्हणजे आता तो खरंच मारणार?" चिरंजीव ताटाकडे बघत राहिले. मी उठून फ्रिजपाशी गेलो आणि पट्टीने पुन्हा एकदा अंतर मोजलं. पाऊण इंच.