न्हाव्याचा हात

वडूजच्या बाजारपेठेतील एका केशकर्तनालयात मी दर महिन्याला केस कापून घेतो. गेल्या पावसाळ्यात एकदा कात्री मध्येच थांबली. "फादर, रातच्याला अंगठा आन् शेजारची दोन बोटं बधिर व्हत्यात. हात झटकला की जरा बरं वाटतं," तो ओशाळून म्हणाला. गिऱ्हाईक तुटेल या भीतीने त्याने चार महिने हे दुखणे लपविले होते. 'बाबा, जरा लवकर आटप,' असे दर खेपेस सांगणारा मीच होतो, हे आठवून मी वरमलो.

रोग्याला त्याचा धंदाही विचारावा, असे इटलीतील वैद्य बर्नार्दिनो रामात्सिनी यांनी कामकऱ्यांच्या रोगांवरील आपल्या ग्रंथात १७०० साली लिहिले. साताऱ्याच्या डॉक्टरांनी आमच्या या कारागिराला तोच प्रश्न प्रथम विचारला. मनगटातील मज्जातंतू दबला होता. रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा, कात्रीला चांगली धार, कोपर उचलावे लागू नये इतकी खाली घेतलेली खुर्ची आणि मधूनमधून विसावा, एवढे पथ्य त्यांनी सांगितले.

आता दोन गिऱ्हाइकांमध्ये तो पाच मिनिटे हात मांडीवर ठेवून स्वस्थ बसतो. बाकावर बसलेला मी तेवढा वेळ घड्याळाकडे पाहत नाही.