आजीचा तवा जयपुरात

आजीचा बिडाचा तवा रत्नागिरीहून माझ्याबरोबर जयपूरला आला, तेव्हा वाटलं, याचे गंजायचे दिवस संपले. तिकडे वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस. आषाढात रात्री ओला राहिलेला तवा सकाळी तांबूस दिसायचा. इथे पाऊस जेमतेम ६००. मे महिन्यात तर फडकं हाती येईपर्यंत तवा वाळलेला असतो.

तो बिघडला मायेपोटी. कामाला येणाऱ्या ताईंनी मी घरी नसताना तो वाळू आणि राख घेऊन घासघास घासला. त्यांच्या गावी भांडी अशीच लख्ख होतात. "भाभी, बघा!" म्हणत त्यांनी तो पुढे केला. काळाभोर तवा राखाडी झाला होता. आजीच्या कितीतरी वर्षांच्या घावनांचं तेल त्या वाळूबरोबर मोरीत गेलं होतं. ताईंचे तळवे लाल झालेले दिसले, मला बोलवेना.

दुसऱ्या दिवशी घावन चिकटलं ते कालथ्यानेही निघेना.

रस्त्याकडेला गाडिया लोहारांचं एक बिऱ्हाड असतं. तवा घेऊन तिथे गेले. पुरुषाने सांडशीत लालभडक लोखंड धरलेलं, आणि घण घालत होती बाई. कोपरापर्यंत चुडा, एकेक घाव नेमका त्याच जागी. १५६८ साली चित्तोड पडलं, तेव्हा ते परत मिळेपर्यंत घर बांधायचं नाही, अशी शपथ पूर्वजांनी घेतली, असं हे लोक सांगतात. १९५५ साली पंडित नेहरूंनी त्यांना चित्तोडगडावर नेलं. बिऱ्हाड मात्र अजून रस्त्यावरच आहे, याचं वाईट वाटतं. बाईने तवा बोटाने वाजवून पाहिला. म्हणाली, हा ओतीव आहे, ठोकायचा नाही, फुटेल. सरसूचं तेल पाजा.

खरंच आहे ते. बिडात शेकडा २ ते ४ कार्बन असतो; म्हणून ते कडक, तितकंच ठिसूळ. तापल्या तव्यावर गार पाणी पडलं तरी तडा जातो. तेल मात्र त्याला मानवतं. पातळ थर तापला की कडक होऊन लोखंडाला धरतो, आणि ती काळी कातडीच घावन सोडवते.

तवा आचेवर कोरडा केला. सरसूचं तेल लावलं आणि पुसून टाकलं, जणू लावलंच नव्हतं. जाड राहिलं तर चिकट होतं. धूर येईपर्यंत तापवला. डोळे चुरचुरले. पुन्हा तेल, पुन्हा धूर, पाच वेळा. मग आठवडाभर त्यावर नुसता कांदा परतला आणि बाजरीच्या भाकऱ्या भाजल्या. चिंच-टोमॅटो अजून लांबच ठेवलेत. आंबटाने कोवळा थर सुटतो.

आता धुणं ताईच करतात: कोमट पाणी, मऊ घासणी, आणि लगेच आचेवर. शेवटी अर्ध्या कांद्याने तेलाचा हात फिरवायचा असतो, तोही त्याच फिरवतात. काल पहिलं घावन कडेने आपोआप सुटलं. ते त्यांच्या ताटात वाढलं.