लाटेवरून खोली

गणितात काही समीकरणे अशी असतात की, ज्याचा शोध घ्यावयाचा तेच त्यांच्या दोन्ही अंगांना दडून बसलेले असते. डावीकडे उत्तर मांडावयास जावे, तर उजवीकडे त्याच उत्तराची गरज पडते. अशा समीकरणांना अव्यक्त म्हणतात. हरमलच्या किनाऱ्यावर येणारी प्रत्येक लाट अशाच एका समीकरणाने बांधलेली आहे, हे आम्हांस आमच्या भाच्यामुळे उमगले.

पेडणे तालुक्यातील या गावी आमचे जाणे-येणे जुने आहे. पावसाळ्यात समुद्र इथली वाळू ओढून नेतो आणि पुढे हळूहळू परत आणून टाकतो. त्यामुळे गेल्या वर्षी जिथे कमरेइतके पाणी होते, तिथे यंदा माणूस बुडेल. होडी लोटणाऱ्याला आणि पोहणाऱ्याला खोली नीट ठाऊक हवी. मोजमापाच्या यंत्रांचा अभियंता असलेला आमचा भाचा म्हणाला, "मामा, पाण्यात न उतरता, लाटांवरूनच खोली काढता येते." दुसऱ्या महायुद्धात शत्रूच्या ताब्यातील किनाऱ्यांची खोली विमानातून टिपलेल्या लाटांच्या छायाचित्रांवरून अशीच अजमावली होती.

यातील मर्म असे. लाट उथळ पाण्यात शिरली की आखूड होते. दोन लाटांमधला काळ मात्र तोच राहतो. दर १० सेकंदांनी येणारी लाट खोल समुद्रात सुमारे १५६ मीटर लांब असते. १० मीटर खोलीवर ती ९२ मीटर, ५ मीटरवर ६८ आणि २ मीटरवर ४४ मीटर उरते. ही लांबी काढण्यासाठी १५६ ला एका गुणकाने गुणावे लागते, आणि तो गुणक ठरतो खोली व लांबी यांच्या गुणोत्तरावरून! म्हणजे लांबीसाठी पुन्हा लांबीच हवी.

यावर उपाय एकच: अंदाज धरावा आणि तो सुधारीत जावा. ५ मीटर खोलीसाठी १५६ धरले तर उत्तर ३१ येते. दोहोंची सरासरी ९४. ती घालून पुन्हा तेच केले की ७२, आणि तिसऱ्या फेरीत ६८. आपल्या ज्योतिषग्रंथांत ग्रहणाचा काळ काढताना अशीच फेरगणना करीत. तिला 'असकृत्', म्हणजे 'एकदाच नव्हे', असा नेमका शब्द आहे. घरात पंचांगाचे गणित चाललेले ज्यांनी पाहिले असेल, त्यांना ही रीत परकी वाटू नये.

भाच्याने हे काम लॅबव्ह्यू या १९८६ साली प्रथम आलेल्या प्रणालीत केले. तीत आज्ञा अक्षरांनी लिहीत नाहीत. पडद्यावर चौकोन मांडून तारांनी जोडतात आणि त्या तारांतून आकडे वाहतात. निरीक्षणांवर वक्र बसविणारा चौकोन तीत तयारच मिळतो. लेव्हेनबर्ग (१९४४) आणि मार्क्वार्ट (१९६३) यांच्या रीतीने तो खोलीचा अंदाज बदलत जातो आणि निरीक्षणे व वक्र यांतील फरकांच्या वर्गांची बेरीज किमान करतो. पण काळ दिला की लांबी सरळ मिळावी, ही त्याची अपेक्षा. म्हणून त्याच्या पोटात आणखी एक चौकोन बसवावा लागला. खोलीच्या प्रत्येक अंदाजाला, प्रत्येक लाटेसाठी, तो असकृत् गणित करीत राहतो.

भाच्याच्या एका सहकाऱ्याने जवळची वाट सुचविली. समीकरण उलटे मांडले, तर लांबी व खोली यांवरून काळ एका दमात मिळतो. परंतु मग सारी चूक काळाच्या माथी जाते. घड्याळ तर दशांश सेकंदापर्यंत खरे होते. छायाचित्रावरून मोजलेली लांबीच चार मीटर इकडे-तिकडे होत होती. चूक एकाची आणि शिक्षा दुसऱ्याला, हा न्याय भाच्याला मानवला नाही. त्याने लांबची वाट धरली.

दुसरा धोका अधिक गंभीर. दर ३ सेकंदांनी येणारी लाट जेमतेम १४ मीटर लांब. पाणी तिच्या निम्म्या लांबीहून खोल असले की तिला तळाची वार्ताच नसते. तरीही केवळ अशाच लाटा दिल्या, तर यंत्र 'ठाऊक नाही' म्हणत नाही. दशांशासह खोलीचा आकडा पुढे ठेवते. त्या आकड्यावर भरवसा ठेवून कुणी पाण्यात उतरले तर? साक्षीदाराला काही ठाऊक आहे काय, हे आधी माणसानेच पाहावयाचे असते.

रापण ओढणाऱ्यांपैकी एक वृद्ध गृहस्थ हे सारे पाहत होते. अखेर किती पाणी आहे, असे त्यांनी विचारले. भाचा म्हणाला, "पाच मीटर, अर्धा मीटर कमी किंवा जास्त. आणि हे आजच्यापुरते."

"मग उद्याचे?"

"उद्या पुन्हा मोजावे लागेल, आजोबा."

त्यांनी मान डोलावली. समुद्राशी व्यवहार करणाऱ्याला यात नवे काहीच नव्हते.