एलेरॉनची थरथर

भातकापणी उरकली की कल्याण-ठाण्याची रिमोटच्या विमानांची मंडळी शहापूर-मुरबाडचा रस्ता धरतात. खाचरांत बांध आडवे येतात, म्हणून धावपट्टीपुरता माळ शोधायचा आणि मालकाला विचारूनच उतरायचं.

मुरबाडजवळच्या अशाच एका माळावर मी त्यांच्यासोबत होतो. कॉलेजातल्या एका मुलानं बाल्सा लाकडाचं विमान उंचावरून पूर्ण थ्रॉटलवर खाली सोडलं. मोहोळ उठावं तसा आवाज आला, उजवं एलेरॉन, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेची हलती पट्टी, धूसर दिसू लागलं आणि बघता बघता उखडून गेलं. विमान धसकटांत.

"रेडिओनं दगा दिला, काका," तो मंडळींतल्या एका जाणत्याला म्हणाला.

काका काही बोलले नाहीत. त्यांनी शाबूत राहिलेलं डावं एलेरॉन चिमटीत धरून हलवलं. पट्टी हलवणाऱ्या सर्व्हो मोटरचा दांडा जागचा हलेना, पट्टी मात्र खालीवर डुलत होती. पुशरॉडच्या टोकाच्या क्लेव्हिसची पिन पट्टीवरच्या हॉर्नच्या भोकात सैल होती आणि पुशरॉडही बारीक, लांब, वाकणारा.

अशा थरथरीला फ्लटर म्हणतात. सैल पट्टी हलते, पंख पिळतो, त्या पिळानं पट्टी आणखी हलते. ताकद पुरवतो तो वारा, आणि वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट. म्हणून संथ उडणारं विमान सुळकीत दगा देतं.

मोठी विमानंही यातून सुटलेली नाहीत. 1916 मध्ये हँडली पेज बाँबफेकी विमानाची शेपटी थरारली, तेव्हा वेगवेगळे हलणारे दोन एलिव्हेटर ताठ नळीनं जोडा, असं अभियंते लँचेस्टर यांनी सुचवलं. 2011 मध्ये अमेरिकेत रेनोच्या विमानशर्यतीत एका मस्टँग विमानाच्या शेपटीवरच्या ट्रिम टॅबला फ्लटर झाला. स्क्रू सैल पडले होते, कारण नटांची पकड झिजलेली होती. वैमानिकासह 11 जण गेले.

उपाय साधे आहेत, तरी नव्या मोटरच्या नादात तेच राहून जातात. पुशरॉड ताठ आणि आखूड हवा. सर्व्होच्या दांड्याचं आतलं भोक आणि हॉर्नचं बाहेरचं भोक वापरलं, की ढिलाईचा परिणाम कमी होतो. बिजागरीची फट पारदर्शक टेपनं बंद करावी. पट्टी जड असेल तर बिजागरीच्या पुढे वजन देऊन तोलावी.

हवेत गुणगुण ऐकू आलीच, तर थ्रॉटल लगेच बंद करा, नाक अलगद वर घ्या आणि विमान उतरवा. सर्व्होच्या गिअरचे दात तपासल्याशिवाय ते पुन्हा उडवू नका.