लावणीच्या दिवसांत, पवनारहून

पवनार, मंगळवार रात्र

अहो,

पोचलो. विदर्भ एक्स्प्रेस वर्ध्याला वेळेवर आली, पण वरच्या बर्थवर कुणाचं तरी बाळ रात्रभर रडत होतं आणि समोर तुमची लेक संवाद पुटपुटत होती. डोळ्याला डोळा नाही. फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि न ऐकताच तुम्ही "हो, हो" म्हणता, म्हणून हे लिहून पानाचा फोटो बंड्याला पाठवते. त्याने मोठ्याने वाचून दाखवावं आणि मधलं काही गाळू नये.

स्टेशनवरून इथवर रिक्षावाल्याने चारशे मागितले, अडीचशेवर आला. तेही जास्तच, वन्सं म्हणाल्या. पाऊस इथे तासभर बदाबदा कोसळतो आणि मग असा उकाडा की त्यापेक्षा भिजलेलं बरं. माती काळी, चिकट. अंगणातून विहिरीपर्यंत गेले तर चपला एवढ्या जड झाल्या की शेवटी हातात घेऊन परतले.

जेवायला पाटवडीचा रस्सा होता. बेसनाच्या वड्या, रश्श्यात खसखस आणि भाजलेलं सुकं खोबरं, वर बोटभर तेलाचा तवंग. पहिल्या घासाला डोळ्यांतून पाणी आलं, दुसऱ्याला मी आणखी वाढून घेतला. मग गुपचूप नुसता भात मागितला तर कुसुमवन्सं, "काहून वो वहिनी, तब्येत बरी नाई का?" तुमच्या मावसबहिणीचा स्वभाव तुम्हाला ठाऊकच आहे, भाकरी ताटात पडलीच. सुकटीची चटणी मी आणली नाही याची हळहळ वाटते.

लावणी कुठवर आली? खालच्या कुणग्यात पाणी फार साचलं तर बांध फोडा, सदूची वाट बघू नका. सासूबाईंची रात्रीची गोळी देव्हाऱ्याच्या फळीवर आहे.

गुरुवार दुपार, वर्धा

आज डोकं तापलंय. कुठल्या कचेरीत ते लिहीत नाही, पण उत्पन्नाच्या दाखल्याच्या प्रतीवर शिक्का हवा होता. काचेमागचा माणूस फुटाणे खात होता. कशाला हवाय म्हणून विचारलं, लेकीने खरं ते सांगितलं. तर म्हणतो, "नाटक शिकायला कॉलेज लागते? आमच्या घरी रोज फुकट चालते." स्वतःच हसला आणि जेवायला उठून गेला. अडीच वाजता शिक्का मारला, तोही उलटा. मी त्याला दोन शब्द ऐकवणार होते, पण लेकीने माझा हात धरला. बाहेर आल्यावर त्याची उठून जाण्याची ढब तिने हुबेहूब करून दाखवली, फुटाण्यांची साल उडवण्यासकट. तेव्हा मी हसले.

लेकीची प्रवेशाची मुलाखत झाली. हिंदी विश्वविद्यालय 1997 साली स्थापन झालं, टेकडीवर आहे, चढून जाताना माझी दमछाक झाली. नाटक-सिनेमाचा विभाग आहे आणि सभागृहाला हबीब तनवीर यांचं नाव आहे. निघताना तुम्ही पडवीत उभं राहून विचारलंत ना, नाटकाच्या शाळेत शिकून कुणाचं काय भलं झालंय? त्याचं उत्तर मला बाहेरच्या बाकावर बसून ऐकायला मिळालं. लेकीचा नंबर येईपर्यंत तिची बडबड थांबतच नव्हती.

हे हबीबसाहेब रायपूरचे. बी.ए. नागपूरच्या मॉरिस कॉलेजातून. 1955 मध्ये लंडनच्या नाट्य अकादमीत शिकायला गेले. परत आले ते साहेबी नाटकं करायला नव्हे. छत्तीसगडचा 'नाचा' हा लोकनाट्याचा प्रकार करणारी गावातली माणसं त्यांनी दिल्लीला नेली आणि 1958 मध्ये त्यांना घेऊन 'मृच्छकटिक' बसवलं, 'मिट्टी की गाडी' नावाने. पण त्या लोकांच्या तोंडी हिंदी घातली की ते आखडायचे. किती तरी वर्षांनी साहेबांच्या ध्यानात आलं की खोट नटांत नाही. त्यांना त्यांच्या छत्तीसगढीत बोलू दिलं, आणि त्यातून पुढे 'चरणदास चोर' उभं राहिलं. 1982 मध्ये एडिंबरोच्या महोत्सवात त्याला पुरस्कार मिळाला. त्यातल्या गोविंदराम निर्मलकरांना 2009 मध्ये पद्मश्री मिळाली. आता सांगा, हे यश लंडनच्या शाळेचं म्हणायचं की नाचाचं? लेक म्हणते, दोन्हीचं. शाळा झाली नसती तरी नाचा होताच, पण तो एडिंबरोला कुणी नेला असता?

आत तिने आधी पाठ केलेला हिंदी उतारा म्हटला. मग, तीच सांगते, आपल्या शिमग्याच्या नमनातला संकासूर करून दाखवला. तो कुठे शिकलीस, असं विचारलं तर म्हणाली, वडिलांच्या मागे हिंडून. हे बंड्याने दोनदा वाचावं.

शनिवार, पुन्हा पवनार

आश्रम पाहिला, धाम नदीला पाणी आलंय, विनोबांना जमीन खणताना सापडलेल्या जुन्या मूर्ती सुरेख आहेत. आश्रमातलं ब्रह्मविद्या मंदिर 1959 चं. लेक लगेच म्हणाली, दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय आणि हबीबसाहेबांचं नया थिएटरही त्याच सालचं. तिच्या डोक्यात सध्या दुसरं काही शिरतच नाही.

काल सेवाग्रामला गेलो. बापू कुटीत गर्दी होती. मी बा कुटीपाशी बसले, कारण पाय दुखत होते. तिथे रोहिणी हट्टंगडींचा विषय निघाला. पुण्याच्या मुलीने दिल्लीच्या नाट्य विद्यालयात अल्काझींच्या हाताखाली 1974 पर्यंत शिक्षण घेतलं. अ‍ॅटनबरोंच्या 'गांधी'त कस्तुरबा केली तेव्हा वय जेमतेम तिशीचं, आणि पडद्यावर वठवायची सत्तरीपार केलेली बाई! त्याबद्दल लंडनचा बाफ्टा मिळाला. आपण तो सिनेमा चिपळूणला पाहिला होता, आठवतं? तुम्ही मध्यंतरात म्हणाला होतात, ही बाई गुजराती असणार. सोलापूरचे अतुल कुलकर्णीही त्याच विद्यालयातले. इंजिनीअरिंग सोडून आले आणि दोन राष्ट्रीय पुरस्कार घेतले. हे तुम्हाला मुद्दाम सांगते, कारण इंजिनीअरिंगचा लकडा तुम्ही अजून सोडलेला नाही.

पण मला पुरस्कारांपेक्षा दुसरंच लक्षात राहिलं. बा कुटीच्या ओसरीवर लेक बसून उठत होती, परत बसत होती. मी विचारलं, काय चाललंय? म्हणाली, "आजी उठताना आधी डावा तळहात टेकते, मग गुडघा, मग क्षणभर थांबते. का थांबते ते शोधतेय." इतकी वर्षं मी सासूबाईंना उठताना बघते, माझ्या कधी ध्यानात आलं नाही. असं बघायला शिकवत असतील तर फी भरायला माझी हरकत नाही.

यादी लागायला वेळ आहे. उद्या रात्रीची गाडी. तुमच्यासाठी वर्ध्याचा गोरसपाक घेतलाय; बिस्किटासारखा खुसखुशीत, गाईच्या तुपातला. त्यातला अर्धा डबा लेकीने आजच संपवला.

आणि एक काम. प्रवेश मिळाला तर शिमग्यात तिला आपल्या खेळ्यांबरोबर गावोगाव हिंडायचंय, मृदंगाचे बोल लिहून घ्यायचेत, जमलं तर नाचायचंयही. पोरीबाळींनी खेळ्यांत नाचायचं नाही हे मानकरी सांगतीलच. पण साडी नेसून पंधरा वर्षं गोमू तुम्हीच नाचलात, तेव्हा त्यांच्याशी बोलणं तुमच्याकडे. लावणी आटोपली की जा. शिमग्यापर्यंत थांबलात तर ते वेळ नाही म्हणतील.

तुमची,
सुमन