लांबुडकं वृंदावन

सातवीत असताना मी एका रुमालावर फुलीच्या टाक्यानं तुळशीवृंदावन भरलं होतं. तो रुमाल अजून माझ्या ट्रंकेत आहे. छान जमला म्हणून जपलेला नाही. हस्तव्यवसायाच्या तासाला त्याला 10 पैकी 4 गुण मिळाले आणि वर बाईंचा शेरा, ‘मोजायला शीक.’ ग्राफच्या कागदावर वृंदावन चांगलं चौरस होतं, 40 घरं आडवी, 40 उभी. रुमालावर उतरलं ते एखाद्या देवळापुढच्या दीपमाळेसारखं, उंचच उंच. वर्गात सगळ्या खिदळल्या. मी घरी येऊन तीनदा फुल्या मोजल्या. तिन्ही वेळा चाळीसच भरल्या.

नक्षी घेतली होती आजीच्या इरकलीच्या पदरावरून. आजी धारवाडची, मिरजेला दिलेली. मराठी बोलायची तेही कानडी हेल काढून. कसुती तिच्या बोटांत होती. कसुतीचे टाके चार: गवंती, मुरगी, नेगी आणि मेंथी. मेंथी म्हणजे मेथी, आणि टाका म्हणून पाहिलं तर आपली सरळ फुली. कापडावर रेघ मारायची नाही, छाप उठवायचा नाही, दोऱ्याला गाठ मारायची नाही. धागे मोजायचे आणि सुई घालायची, बस. चंद्रकळेवर भरायला बसली की ती आधी मांडीवर पांढरा पंचा पसरायची. आम्हाला वाटायचं, एवढी चांगली चंद्रकळा मळू नये म्हणून.

चार गुणांचा रुमाल तिला दाखवला तेव्हा तिनं तो दाराच्या उजेडात धरला, दोन बोटांत ताणून पाहिला आणि म्हणाली, “धागे काय जुळे भाऊ असतात होय गं?” मला वाटलं, म्हातारी माझी समजूत काढतेय.

त्यानंतर कितीतरी वर्षं मी धागे मोजायच्या कापडाला हात लावला नाही. आयडा नावाचं कापड मिळायला लागलं आणि माझी सुटका झाली. त्यात धागे मोजावे लागत नाहीत. विणतानाच धाग्यांचे छोटे चौकोन पाडलेले असतात आणि चौकोनाच्या चारी कोपऱ्यांत सुईसाठी भोकं. इंचाला 14 चौकोन, चौकोनाला एक फुली. त्यावर मी गणपती भरले, राजहंसांच्या जोड्या भरल्या, धाकट्या नणंदेच्या रुखवतात ठेवायला ‘सुस्वागतम्’ भरलं. आयडा सज्जन आहे, फसवत नाही. पण ठोकळेबाज आहे. हंसाची मान वळायला जाते आणि तिच्या पायऱ्या होतात.

मग चाळिशी लागली. चष्म्याची. लोक या वयात भरतकाम सोडतात आणि माझ्या घरात नेमकं याच सुमाराला बारीक कापड आलं. लेक नोकरीसाठी श्टुटगार्टला गेली. तिथून जवळच झिंडेलफिंगन गाव आहे. भरतकामाचं कापड करणारी त्स्वायगार्ट ही कंपनी तिथली, 1877 सालची. पहिल्या सुट्टीत लेकीनं लिननचे चार तुकडे आणले, प्रत्येकाला शहराचं नाव: कॅशेल, बेलफास्ट, एडिंबरा, न्यूकॅसल. इंचाला अनुक्रमे 28, 32, 36 आणि 40 धागे. लिनन म्हणजे ज्या जवसाची आपण चटणी करतो त्याच्या देठाचं सूत. हाताला आधी करकरीत लागतं, धुतल्यावर मऊ पडतं. आणि त्यात धागा मध्येच जाड होतो, मध्येच बारीक, अगदी हातानं काढलेल्या शेवयांसारखा.

चारही तुकडे मी टेबलावर पसरले आणि आठवडाभर नुसती बघत राहिले. कापड बारीक म्हणजे कामही बारीक, हा माझा समज तेव्हा गेला. 28 च्या कॅशेलवर दोन-दोन धागे धरून भरलं तर फुली 14 च्या आयडाएवढीच येते. फक्त अर्धी फुली, पाव फुली हवी तिथे घालता येते, म्हणून हंसाची मान वळते. एकेका धाग्यावर भरायचं म्हटलं तर मात्र गणित डोळे फिरवतं. 14 च्या आयडात चौरस इंचात 196 फुल्या बसतात; 40 च्या न्यूकॅसलवर, एकेका धाग्यावर, 1600. मी न्यूकॅसल उचललं. डोळे चाळिशीचे, कापडही चाळिशीचं. लेक म्हणाली, “आई, तू वेडी आहेस.” असेन.

पण सुई घालण्याआधी धागे खरंच चाळीस आहेत का, ते मोजायचं होतं. सातवीतला शेरा विसरले नव्हते. चष्मा लावून मोजले तर कधी 38 यायचे, कधी 42. आमच्या गल्लीत एक मामा राहतात, आयुष्यभर इचलकरंजीला यंत्रमागांवर जॉबर होते. त्यांच्याकडे गेले. “चाळीस काउंट आहे म्हणतात,” असं सांगितल्यावर त्यांनी कापड चुरगाळून पाहिलं आणि मान हलवली. त्यांच्या लेखी काउंट म्हणजे सुताची बारीकी. चाळीस नंबरचं सूत यापेक्षा कितीतरी तलम असतं. आमचा काउंट इंचातल्या धाग्यांचा, हे उमगेपर्यंत चहा झाला.

मग त्यांनी कपाटातून पितळी पिकग्लास काढली. घडीची, तळाला बरोबर एक इंचाची चौकट, वर भिंग. ती कापडावर ठेवली आणि सुईच्या टोकानं एकेक धागा ओठांत पुटपुटत मोजला. उभे 40, आडवे 40. माझ्या पिशवीत तो रुमालही होता. कशाला नेला होता, मला सांगता येणार नाही. मामांनी त्यावरही काच ठेवली. एकदा मोजलं, काच फिरवून पुन्हा मोजलं.

“ताई, उभं चौतीस, आडवं सत्तावीस. पिक खाल्लंय हितं. हात न्हाई चुकला तुमचा, कापाड चुकलंय.”

उभे धागे फणीत ओवलेले असतात. एकदा मागावर चढले की त्यांची संख्या बदलत नाही. आडवा धागा म्हणजे धोट्याची एकेक फेरी, त्याला म्हणायचं पिक. प्रत्येक पिकाला वेळ लागतो, सूत लागतं, मजुरीसुद्धा पिकावर ठरते. इंचामागे चार-सहा पिकं कमी टाकली की तेवढ्याच वेळात जास्त मीटर कापड निघतं. माझा रुमाल मॅटीचा, धागे जोडीनं चालणारे. 40 फुल्यांना 80 धागे. आडवं मोजलं तर सव्वादोन इंचांच्या थोडं वर, उभं मोजलं तर जवळजवळ तीन. कुणीतरी कुठल्यातरी मागावर पिकं वाचवली होती आणि मिरजेत माझं वृंदावन उंच झालं होतं. आजीला हे उजेडात धरल्याबरोबर दिसलं. तिच्याजवळ पिकग्लास नव्हती.

त्या रात्री मला बाईंचा रागही आला नाही, याचंच नवल वाटलं. त्यांनी फुल्या मोजायला सांगितल्या होत्या. धागे मोजायचे, हे त्यांनाही कुणी सांगितलं नसणार.

न्यूकॅसलवर तेच वृंदावन घेतलं. सहा पदरी दोऱ्याचा एकच पदर, लांबी हातभर, त्याहून जास्त नाही. कापडात घासून पदराला लव सुटते. सुई बोथट टोकाची, 28 नंबरची. एका धाग्यावर भरताना आयडासारखी अर्ध्या फुल्यांची अख्खी ओळ टाकून परत यायचं नसतं. तिरपा टाका शेजारच्या धाग्याखाली निसटतो आणि फुली गायब. प्रत्येक फुली जागच्या जागी पुरी करायची. सुरुवात अशा भोकातून करायची, जिथे शेजारचा उभा धागा आडव्याच्या वरून गेलेला दिसतो. तिथे टाका अडून राहतो.

पहिले दोन दिवस मला भोकंच दिसेनात. पांढरं कापड, पांढरा गाऊन, सगळं दुधात दूध. तिसऱ्या दिवशी सहज काळा परकर मांडीवर टाकला आणि भोकं एकदम उमटली, पाटीवर खडूनं ठिपके काढावेत तशी, फक्त उलट. मी सुई खाली ठेवली. आजीचा पांढरा पंचा चंद्रकळा मळू नये म्हणून नव्हता.

रोज सकाळी पूर्वेच्या खिडकीत बसायचं, एक ओळ भरायची आणि उठायचं. दुसऱ्या ओळीचा मोह झाला तरी नाही. चाळीस दिवस लागले. एका जागी जाड धागा आला, तिथे फुल्या किंचित फुगल्या आहेत. ते उसवलं नाही.

आता वृंदावन एक इंच रुंद आणि एक इंच उंच आहे. मामांनी काच ठेवून पाहिलं, चौकटीत पुरं बसलं.

तुम्ही भरायला कापड घ्यायला जाल तेव्हा रंग नंतर बघा. पर्समध्ये छोटी पट्टी आणि एक सुई ठेवा. इंचभर आडवं मोजा, इंचभर उभं मोजा. दुकानदार कंटाळेल. कंटाळू दे, आणि दोन आकडे जुळले नाहीत तर सरळ दुसरं दाखवायला सांगा.